मागच्या अंगणाची चोरी

भाऊजींचं कार्ड दोन्ही बाजूंनी छापलेलं आहे. पुढे ‘नजर: सुरक्षा आणि तपास’. मागे त्यांचं स्वतःचं वर्णन, जे त्यांनी स्वतःच लिहिलं आणि जे ते गिऱ्हाइकाला कार्ड दिल्यावर वर वाचूनही दाखवतात: ‘तीक्ष्ण दृष्टी, थंड मेंदू, पोलादी संयम. ज्यांच्या नजरेतून टाचणीही सुटत नाही असे.’ ‘असे’ म्हणजे कसे, ते जागा संपल्यामुळे गुलदस्त्यातच राहिलं. सर्वांत खाली ‘व सहकारी’ असं आहे. त्यातला ‘व’ बहुधा मी.

मी त्यांचा मेव्हणा. धंद्याने वायरमन. भाऊजींनी तीस वर्षं एका छापखान्यात पुस्तकाची पानं नीट क्रमाने लागली आहेत का, हे बघायचं काम केलं. एकदा स्वयंपाकाच्या पुस्तकात भूगोलाची सोळा पानं गेली आणि भाऊजी लवकर निवृत्त झाले. मग माझ्या बहिणीने मला फोन केला. म्हणाली, ‘‘हे दिवसभर घरात असतात. माझ्या डब्यांवर हाताचे ठसे शोधतात. तू काहीतरी कर.’’ मी केलं. मी घरोघरी कॅमेरे बसवायला जायचो, तिथे त्यांना सोबत न्यायला लागलो. कामाची वाटणी भाऊजींनीच केली. शिडी माझी, माऊस त्यांचा. चढणं, भोकं पाडणं, तारा ओढणं मी करायचं. ते आत खुर्चीत बसून रेकॉर्डरच्या पडद्यावर टिचक्या मारणार. ‘‘बुद्धीचं काम आहे,’’ असं ते म्हणतात. मी वर घामाघूम झालेला असताना म्हणतात, म्हणून जास्त लागतं.

तर त्या सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन आला. फोनवर आत्या होत्या. कुणाच्या तर त्यांच्या भाच्याच्या, पण सगळी गल्लीच त्यांना आत्या म्हणते. नऊ-दहा दिवसांपूर्वी आम्ही त्यांच्याकडे एक नवा कॅमेरा बसवून आलो होतो.

आत्या म्हणाल्या, ‘‘माझं मागचं अंगण चोरीला गेलंय.’’

भाऊजी खुर्चीतून उठून उभे राहिले. कॅमेऱ्याच्या धंद्यात ‘चित्र दिसत नाही’, ‘पासवर्ड विसरलो’, ‘कोळ्याने जाळं केलं’ असलेच फोन येतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी चोरीची तक्रार केली होती.

‘‘केवढं होतं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काय केवढं?’’

‘‘अंगण.’’

‘‘तुमच्यासोबत शिडीवाले असतात ना,’’ आत्या म्हणाल्या, ‘‘त्यांना नक्की आणा.’’

आत्यांची खोली वरच्या मजल्यावर, घराच्या पुढच्या बाजूला. दीड वर्षापूर्वी त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता खोलीतल्या खोलीत वॉकर धरून फिरतात, पण सतरा पायऱ्यांचा जिना त्यांच्यासाठी बंद झाला. म्हणून भाच्याने समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीला घरातले चारही कॅमेरे जोडून दिले होते. पडद्याचे चार चौकोन: फाटक, पुढचं दार, गाडीची शेड आणि मागचं अंगण. हे चारही कॅमेरे जुन्या पद्धतीचे, जाड काळ्या वायरीवर चालणारे. चित्र जरा मळकट, पण कामाला चोख.

मग भाच्याने नवी गाडी घेतली. जुन्या कॅमेऱ्यात तिचा रंगच धड कळेना, म्हणून शेडसाठी एक नव्या पद्धतीचा आयपी कॅमेरा आणला. तो इंटरनेटच्या वायरीवर चालतो आणि चित्र असं स्वच्छ की गाडीवरची धूळ मोजावी. रेकॉर्डर मात्र जुनाच. त्यावर जुने-नवे दोन्ही प्रकार एकत्र चालतात असं डब्यावर लिहिलं होतं. भाऊजींनी ते वाचून ‘‘एकत्र कुटुंब आहे म्हणायचं,’’ असा शेराही मारला होता. मी शिडीवर गेलो, ते माऊसवर बसले, तासाभरात नवं चित्र आलं, आम्ही घरी आलो. एवढंच घडलं होतं.

भाऊजी आत्यांच्या पलंगासमोर उभे राहिले, वही उघडली आणि पडद्याकडे बघितलं.

‘‘चार चित्रं दिसतायत,’’ ते म्हणाले.

‘‘हेच मी म्हणतोय,’’ दारातून भाचा म्हणाला. ‘‘आठ दिवस झाले, आत्या म्हणतेय अंगण गेलं. मी रोज मोजतो. चार होती, चार आहेत. काका, तिचं वय झालंय.’’

‘‘चार आहेत, पण अंगण नाही,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘आणि गाडी दोनदा दिसते.’’

भाऊजींनी वहीत लिहिलं. मी मागून डोकावलो. लिहिलं होतं: ‘गाड्या दोन. एक राखाडी (मागून). एक तांबडी (पुढून). दुसरी गाडी कुणाची?’

‘‘भाऊजी,’’ मी म्हणालो, ‘‘एकच गाडी आहे ती. जुन्या कॅमेऱ्यात रंग दिसत नाही.’’

‘‘हेच त्यांना आपल्याला पटवायचंय,’’ भाऊजी भाच्याकडे डोळे बारीक करून म्हणाले.

मी नाद सोडला. भाऊजींना एखादी गोष्ट समजावणं म्हणजे बंद दारावर कुलूप लावण्यासारखं आहे. मी आत्यांनाच विचारलं, अंगण दिसलं नाही तर एवढं काय अडतं?

आत्यांनी चौथ्या चौकोनाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, ‘‘मागच्या कुंपणापलीकडे माझी मैत्रीण राहते.’’

ती मैत्रीण म्हणजे कंडक्टरबाई. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली. इंजिनाच्या आवाजाने कान गेले, उभं राहून गुडघे गेले. दोन्ही घरांच्या पाठी एकमेकींना लागून, पण दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर. आत्यांना उतरता येत नाही, कंडक्टरबाईंना चढता येत नाही आणि फोनवर ऐकू येत नाही. म्हणून दोघींनी आपली एक पद्धत बसवली होती. दुपारी चारला कंडक्टरबाई कुंपणाशी येऊन कॅमेऱ्याकडे बघत हात वर करायच्या. आत्या पलंगाशेजारचं बटण दाबून अंगणातला दिवा लावायच्या. हात खाली, दिवा बंद. पुन्हा हात वर, पुन्हा दिवा. दोनदा. बसमधली डबल बेल: सगळं ठीक आहे, चला पुढे. दीड वर्षात एक दिवस खाडा नाही.

‘‘आता आठ दिवस झाले, ती येते की नाही मला कळत नाही,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘तिच्या छातीचं दुखणं आहे. एकटी राहते. ह्याला म्हटलं जाऊन बघून ये, तर हा उद्या जातो म्हणतो.’’

भाचा आपल्या चपलांकडे बघायला लागला. मला त्याचा राग आला, पण माझी स्वतःची आई गावाला एकटी असते आणि मीही उद्याच म्हणत असतो, म्हणून गप्प बसलो.

‘‘आत्या, काळजी सोडा,’’ भाऊजी म्हणाले. ‘‘चार वाजेपर्यंत गुन्हेगार तुमच्यासमोर उभा करतो.’’

हा शब्द त्यांनी पाळला, हे मला इथे प्रामाणिकपणे नोंदवायलाच हवं.

पहिला तर्क होता, वायर कापली. मी शिडी घेऊन मागे गेलो. कॅमेरा जागेवर, वायर अखंड. माझ्याकडे तपासणीचा हातात मावणारा छोटा पडदा असतो, तो कॅमेऱ्याला थेट जोडला. अंगण दिसलं. मग उतरून आत्यांच्या खोलीत आलो, टीव्हीखालच्या रेकॉर्डरमधून वायरीचं दुसरं टोक काढलं आणि पडदा तिथे जोडला. तिथेही अंगण दिसलं.

‘‘म्हणजे अंगण रेकॉर्डरच्या दारापर्यंत येतं,’’ भाऊजी म्हणाले, ‘‘आणि आत शिरताच नाहीसं होतं.’’

‘‘हो.’’

‘‘मग चोर आत आहे.’’

‘‘रेकॉर्डरच्या?’’

‘‘घराच्या. तू ना, फार शब्दशः घेतोस.’’

दुसरा तर्क भाचा. त्याने दुसरी गाडी मागच्या अंगणात लपवली आणि ती दिसू नये म्हणून चित्र गायब केलं. आम्ही मागे जाऊन पाहिलं. अंगणात एक बादली होती. भाऊजींनी बादलीखाली पाहिलं.

तिसरा तर्क कबुतर. याबद्दल मी काही सांगणार नाही, कारण त्यात मला पुन्हा शिडीवर चढावं लागलं आणि कबुतराने आपली बाजू माझ्या शर्टावर मांडली.

मी एकदा म्हणालो, ‘‘भाऊजी, रेकॉर्डरच्या आतली यादी उघडून बघायची का? कुठला कॅमेरा कुठे लावलाय त्याची?’’

‘‘ती मी स्वतः लावली आहे,’’ भाऊजी म्हणाले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काहीतरी बोललो. ‘‘तिथे बघण्यासारखं काय असणार?’’

तेवढ्यात साडेतीन झाले आणि मागच्या अंगणात लख्ख उन्हात दिवा लागला.

भाऊजींनी माझा दंड धरला. ‘‘बघ. भरदुपारी दिवा. हा संकेत आहे.’’

‘‘आत्याच लावत असतील वरून.’’

‘‘म्हणजे आत्याही सामील.’’

‘‘तक्रार आत्यांचीच आहे हो.’’

‘‘म्हणून तर संशय येत नाही ना कुणाला,’’ भाऊजी समाधानाने म्हणाले आणि कुंपणापलीकडे नजर टाकली. पलीकडच्या पडवीत कंडक्टरबाई खुर्चीवर बसलेल्या होत्या. धडधाकट होत्या. आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

मला एकदम हायसं वाटलं. मला वर जाऊन आत्यांना सांगायचं होतं की आहेत, ठीक आहेत. पण भाऊजींचा तपास रंगात आला होता.

‘‘बाई,’’ ते ओरडले. ‘‘ह्या दिव्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?’’

कंडक्टरबाईंनी मान वळवली. दिव्याकडे बघितलं. मग भाऊजींकडे, वरपासून खालपर्यंत, बिनतिकिटाच्या प्रवाशाकडे बघावं तसं.

‘‘त्या दिव्याचं मला काही विचारू नका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या घराचंही नका.’’ आणि पुन्हा पाठ केली.

भाऊजींनी वहीत इतक्या जोराने लिहिलं की पेन्सिल मोडली. चौथा आणि अंतिम तर्क तयार झाला. कंडक्टरबाई कुंपणाशी काहीतरी करतायत, बहुधा खणतायत, आणि ते दिसू नये म्हणून त्यांनीच अंगणाचं चित्र घालवलं. कसं घालवलं, ते तपशील होते आणि तपशिलात थंड मेंदू अडकत नाही. ‘‘दोघींना समोरासमोर आणायचं,’’ ते म्हणाले. ‘‘खोटं समोरासमोर टिकत नाही.’’

‘‘त्यांना जिना चढता येत नाही.’’

‘‘तुला शिडी उचलता येते ना?’’

आम्ही वळसा घालून त्यांच्या दाराशी गेलो. मला वाटलं होतं बाई हाकलून देतील. पण भाऊजींनी ‘आत्यांसमोर जबाब’ असं म्हणताच त्या काठी घेऊन उठल्या. म्हणाल्या, ‘‘चला. मलाही तिला दोन शब्द ऐकवायचेच आहेत.’’

माझ्या सामानाच्या गाडीत, शिडीशेजारी बसवून त्यांना आणलं. मग खुर्चीत बसवून मी खालून आणि भाऊजींनी वरून अशी खुर्ची उचलली. सातव्या पायरीवर भाऊजींचा पोलादी संयम संपला आणि ते टेकले.

‘‘इथे स्टॉप नाही,’’ कंडक्टरबाई म्हणाल्या. ‘‘पुढे चला.’’

शेवटच्या पाच पायऱ्या भाच्याने हात दिला. खोलीच्या दारात खुर्ची टेकवली तेव्हा चार वाजायला पाच मिनिटं होती.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दीड वर्षाने बघत होत्या. एकीने पडद्यावर बघितलं होतं, ते वेगळं. दुसरीने तर नुसता दिवाच बघितला होता.

भाऊजींनी घसा साफ केला. ‘‘तर आता, दिनांक–’’

‘‘तुम्ही थांबा,’’ कंडक्टरबाई म्हणाल्या. मग आत्यांना म्हणाल्या, ‘‘दिवा लावून झोपतेस काय गं?’’

‘‘कोण झोपतंय?’’ आत्या म्हणाल्या, मोठ्याने, कारण हिला ऐकू येत नाही हे त्यांना आठवलं.

‘‘आधी मी हात केला की लागायचा, खाली केला की विझायचा. मला कळायचं, तू बघतेयस. आता मी यायच्या आधीच लागलेला. हात केला तरी तसाच, नाही केला तरी तसाच. तीन दिवस हात करून बघितला. चौथ्या दिवशी मनात म्हटलं, बाईने एकदाचा दिवा लावून सुटका करून घेतली. रोज रोज कंटाळली असेल. मग म्हटलं, आपण कशाला जा.’’

आत्यांचा चेहरा बघवेना. ‘‘अगं, मला तू दिसतच नव्हतीस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अंगणच गेलं पडद्यावरून. तू कधी येशील कळायचं नाही, म्हणून साडेतीनपासून लावून ठेवायची. पाचपर्यंत. म्हटलं, केव्हाही आलीस तरी दिसावा.’’

कंडक्टरबाईंना पूर्ण ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. पण आत्या बोलता बोलता बटणाकडे हात करत होत्या, पडद्याकडे करत होत्या. तेव्हा कंडक्टरबाईंनी खुर्ची काठीने पलंगाकडे रेटायचा प्रयत्न केला. मी ती पुढे सरकवली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मला लाज वाटली. आठ दिवस दोन म्हाताऱ्या झुरत होत्या आणि मी सकाळपासून कबुतराच्या मागे होतो.

भाऊजी मात्र तपास सोडायला तयार नव्हते. ‘‘पण मग चित्र नेलं कुणी?’’ ते म्हणाले. ‘‘बाई, मी तुम्हाला अजून मोकळं केलेलं नाही.’’

कंडक्टरबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पडद्याकडे बघितलं. ‘‘हा तो टीव्ही?’’

‘‘हो.’’

‘‘जागा किती?’’

‘‘कसल्या जागा?’’

‘‘चौकोन किती?’’

‘‘चार,’’ भाचा म्हणाला. ‘‘पहिल्यापासून चारच.’’

‘‘कॅमेरे किती?’’

‘‘जुने चार.’’ भाचा थांबला. ‘‘आणि हा नवीन एक.’’

‘‘चार सीटा, पाच पॅसेंजर,’’ कंडक्टरबाई म्हणाल्या. ‘‘नवीन बसलाय, मग कुणीतरी उठवलेला असणार. ह्यात शोधायचं काय?’’

भाचा बोटांवर मोजत होता. मी सकाळपासून जे करायचं होतं ते केलं. माऊस उचलला आणि रेकॉर्डरची यादी उघडली. चार ओळी होत्या. पहिल्या तिन्हींसमोर जुना कॅमेरा. चौथ्या ओळीसमोर ‘आयपी’च्या रकान्यात खूण केलेली. चौथा म्हणजे अंगण. ह्या रेकॉर्डरला जागा चारच होत्या. नवा कॅमेरा घ्यायचा तर एका जुन्याला उठवावं लागत होतं, आणि तेही तो आधी विचारल्याशिवाय करत नाही. बाजूला तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

‘‘भाऊजी,’’ मी म्हणालो, ‘‘त्या दिवशी ह्या रेकॉर्डरने तुम्हाला काही विचारलं होतं का?’’

‘‘हो, विचारलं होतं काहीतरी.’’

‘‘काय?’’

‘‘की ह्या ठिकाणचं जुनं चित्र बंद होईल, चालेल का?’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हटलं, चालेल.’’ भाऊजींनी वही हळूच मिटली. ‘‘तू वर शिडीवर होतास. यंत्राशी कशाला वाद घालायचा म्हटलं. ते आपलं रोजच काहीतरी विचारत असतं.’’

चार वाजले होते. गुन्हेगार आत्यांसमोर उभा होता. दिलेल्या वेळेत दिलेला शब्द इतका तंतोतंत पाळलेला मी दुसरा माणूस पाहिला नाही. भाऊजींचे कान लाल झाले होते आणि खरं सांगतो, मला त्यांची दयाच आली. त्यांनी आत्यांपुढे हात जोडले. पाठ न केलेलं असं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आलं. म्हणाले, ‘‘माझं चुकलं. मी वाचलंच नाही नीट.’’

‘‘सोळा पानं भूगोलाची तुम्हीच का?’’ आत्यांनी विचारलं. गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत असतं.

‘‘मीच.’’

‘‘माझ्याकडे ते पुस्तक आहे. चांगलं आहे,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘आता माझं अंगण परत द्या.’’

मी चौथ्या ओळीवरची खूण काढली. अंगण आलं. मळकट, वाकडं, मधोमध बादली. आणि नवा कॅमेरा गेला, आणि त्याच्याबरोबर तांबडी गाडी.

‘‘हे काय,’’ भाचा म्हणाला. ‘‘माझी गाडी?’’

‘‘मोठा रेकॉर्डर येईपर्यंत पाचातला एक उभाच राहणार,’’ मी म्हणालो. ‘‘कुणाला उठवू ते तुम्ही सांगा.’’

भाचा पडद्याजवळ गेला. फाटक काढता येत नव्हतं, कोण येतं-जातं ते कळायला हवं. दारही नाही. शेडमधला जुना काढायचा तर गाडीची मागची बाजू कोण बघणार? सगळ्यात जास्त ओरखडे मागेच पडतात, असं तो म्हणाला. त्याने शेडच्या चित्रावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘‘आत्या, आता ह्या तुला भेटल्याच आहेत. मी आठवड्यातून एकदा त्यांना उचलून आणत जाईन, नक्की. मग अंगण नसलं तरी...’’

‘‘आठवड्यातून एकदा आण,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘ते आणच. पण बाकीचे सहा दिवस?’’

‘‘बाकीचे सहा दिवस तूसुद्धा गाडीच बघ की. एवढी नवी आहे.’’

आत्यांनी कंडक्टरबाईंचा हात सोडला नव्हता. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग भाच्याकडे.

‘‘बघितली आठ दिवस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पुढून बघितली, मागून बघितली. एकदाही मला हात केला नाही तिने.’’

भाच्याने माऊस माझ्या हातातून घेतला आणि गाडीची मागची बाजू स्वतःच बंद केली.